कर्सरचे औचित्य : संकेतस्थळांच्या रचनेतील एका अलंकाराचा विचार

१

संकेतस्थळांच्या रचनेविषयी जे लेखन होते त्यात रंगसंगती, अक्षरांचे वळण, चित्रांची मांडणी आणि मजकुराचा विस्तार यांची चर्चा विपुल आढळते. परंतु संगणकावर पृष्ठ वाचताना सर्वाधिक काळ डोळ्यांसमोर राहणारी जी एक लहानशी आकृती, म्हणजे माउसचा कर्सर, तिच्याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. याचे कारण उघड आहे. चष्मा जसा डोळ्यांवर असेपर्यंत दिसत नाही, तद्वत कर्सर हा नीट चालत असेपर्यंत जाणवत नाही. तो जाणवू लागतो तो दोन प्रसंगी : एक, तो बिघडला असता; आणि दोन, रचनाकाराने तो मुद्दाम बदलला असता. या दोन प्रसंगांत नेमका भेद काय, आणि दुसऱ्याचे रूपांतर पहिल्यात केव्हा होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

संकेतस्थळाचा रचनाकार नेहमीचा बाण काढून त्याच्या जागी आपण घडविलेली आकृती ठेवतो. कधी ती एखाद्या व्यापारी मालाचे चिन्ह असते, कधी कार्टूनमधील पात्र, कधी मागोमाग तरंगत येणारे वर्तुळ. हा अलंकार आहे, असे सर्वसामान्यपणे मानले जाते. अलंकार म्हटला की औचित्याचा प्रश्न आलाच. अकराव्या शतकातील काश्मीरी पंडित क्षेमेंद्र याने औचित्यविचार मांडताना मेखला गळ्यात आणि हार कमरेला घालणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण दिले आहे. दागिना खोटा नसतो. स्थान चुकल्यामुळे तो हास्यास्पद होतो. कर्सरच्या बाबतीत मात्र हा प्रश्न एक पायरी पुढे न्यावा लागतो. येथे दागिना कोणत्या अवयवावर घातला एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाच्या शरीरावर घातला, हेही पाहावे लागते. पृष्ठावरील इतर सर्व काही रचनाकाराचे असते. कर्सर तेवढा वाचकाचा असतो.

२

हे विधान केवळ आलंकारिक नाही. कर्सरच्या इतिहासातच त्याला आधार सापडतो. ‘कर्सर’ हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ धावणारा. गणकपट्टीवर पुढेमागे सरकणाऱ्या, मधोमध सूक्ष्म रेषा असलेल्या पारदर्शक तुकड्यालाही हेच नाव होते. तो तुकडा आकड्यांत काही भर घालीत नसे. हिशेब करणाऱ्याची नजर नेमकी कोठे आहे एवढेच तो दाखवीत असे. पडद्यावरील कर्सरने हे काम जसेच्या तसे वारशाने घेतले.

स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस घडविला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. आरंभीचा बाण सरळ वर तोंड करून असे. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, १९७३ च्या आल्टो या संगणकाच्या काळात, तो डावीकडे कलला. आल्टोवरील कर्सरला सोळा बाय सोळा बिंदूंचा चौकोन मिळे. एवढ्या तुटपुंज्या जागेत बारीक सरळ बाण स्पष्ट उमटत नसे. एक कड उभी आणि दुसरी पंचेचाळीस अंशांवर ठेवली की आकृती ठसठशीत दिसे. आज जगभर परिचित झालेला तिरपा बाण हा असा काटकसरीतून जन्मला आहे. त्याच्या टोकाशी असलेला एकच बिंदू खरा. टिचकीची नोंद त्याच बिंदूवर होते. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. बाकीचा सगळा बाण हा त्या बिंदूकडे डोळ्यांना नेण्याचे साधन आहे.

रूपबदलाची परंपराही तितकीच जुनी आहे, हे मात्र विसरता कामा नये. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी काढलेले मनगटी घड्याळ, विंडोजमधील वाळूचे घड्याळ, मजकुरावर दिसणारी उभी दांडी, १९८७ च्या हायपरकार्डमधील बोट दाखविणारा हात आणि पुढे महाजालावरील दुव्यांवर उमटू लागलेला तसाच हात, ही सर्व बदललेल्या कर्सरचीच रूपे होत. हस्तलिखितांच्या समासात महत्त्वाच्या ओळीकडे बोट दाखविणारा हात काढण्याची युरोपीय वाचकांची रीत कित्येक शतकांची आहे, आणि पुढे छापखान्यांनीही ते चिन्ह आपल्या खिळ्यांत घेतले. कर्सरचा हात हा त्याच कुळातला. तेव्हा कर्सर बदलणे हाच मुळात दोष, असे म्हणता येत नाही. घड्याळ सांगते, थांबा. दांडी सांगते, येथे लिहिता येईल. हात सांगतो, येथून पुढे जाता येईल. प्रत्येक बदल वाचकाला त्याच्या पुढील कृतीविषयी काही सांगतो. या वर्गाला अर्थनिष्ठ बदल म्हणता येईल. प्रश्न निर्माण होतो तो दुसऱ्या वर्गाविषयी, म्हणजे जो बदल वाचकाच्या कृतीविषयी काहीच सांगत नाही, केवळ रचनाकाराविषयी सांगतो, त्याविषयी.

३

संकेतस्थळाला कर्सर बदलण्याचा अधिकृत मार्ग मिळाला तो १९९८ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने. तीत ठरीव कर्सरांची नावे होती. शिवाय रचनाकाराला स्वतःच्या चित्राचा पत्ता देण्याची मुभाही होती. या नियमाचे व्याकरण लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. घडविलेल्या चित्रांची यादी कितीही लांब असो, तिच्या शेवटी एका सामान्य कर्सरचे नाव द्यावे, म्हणजे चित्र मिळाले नाही तर ब्राउझर तो सामान्य कर्सर दाखवील, अशी त्याची योजना आहे. अलंकार असो वा नसो, अंगभूत रूप शाबूत राहिले पाहिजे, हा विवेक त्या नियमाच्या वाक्यरचनेतच गोवलेला आहे. पुढे २०१८ साली शिफारस म्हणून मान्य झालेल्या सुधारित नियमांत चित्रातील हॉटस्पॉट कोठे मानावा याचे आकडे देण्याची सोय आली. तशीच उघड्या आणि मिटलेल्या मुठीची, भिंगाची, आणि कर्सर मुळीच न दाखविण्याचीही सोय आली. या शेवटच्या सोयीने पुढे काय घडले ते यथावकाश येईलच.

नियमांच्या बाहेरूनही एक प्रयोग होऊन गेला होता. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कॉमेट कर्सर’ नावाचा एक लहान प्रोग्रॅम लोक आपल्या संगणकावर बसवून घेत. मग त्या योजनेत सामील असलेल्या संकेतस्थळांवर गेले की बाणाच्या जागी तेथील चित्र येई. १९९९ च्या अखेरीस असे उघडकीस आले की त्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रतीला एक क्रमांक होता आणि अशा संकेतस्थळांना दिलेल्या भेटींची नोंद त्या क्रमांकासह कंपनीकडे जात होती. या घटनेची चर्चा तेव्हा खाजगीपणाच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच होते. समीक्षेच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ आहे. कर्सर ही केवळ आकृती नसून वाचकाच्या हालचालीची खूण आहे. म्हणून जो त्या आकृतीचा मालक होतो, तो त्या हालचालीचाही मालक होऊ पाहतो.

फसवणुकीचा धोका यापेक्षाही प्रत्यक्ष आहे. चित्र मोठे असेल आणि त्याचा हॉटस्पॉट एका कोपऱ्यात असेल, तर त्याच चित्रात दुसरीकडे एक खोटा बाण काढता येतो. वाचक खोट्या बाणाने एका जागी नेम धरतो आणि टिचकी भलतीकडे पडते. म्हणूनच आजचे प्रमुख ब्राउझर घडविलेल्या कर्सरच्या आकारावर मर्यादा घालतात. १२८ बिंदूंहून मोठे चित्र ते स्वीकारीत नाहीत, आणि क्रोमसारखा ब्राउझर तर ३२ बिंदूंहून मोठे चित्र स्वतःच्या चौकटीवर येऊ लागले की ते बाजूला सारून नेहमीचा बाण दाखवितो. ही मर्यादा सौंदर्यशास्त्राने घातलेली नाही, सुरक्षिततेने घातली आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व एकच आहे. बाण दिसतो तेथेच लागला पाहिजे.

४

या तत्त्वाचा भंग आज सर्वाधिक होतो तो फसवणूक करणाऱ्यांकडून नव्हे, तर प्रतिष्ठित रचनाकारांकडून, हे ऐकून आश्चर्य वाटेल. गेल्या दहाएक वर्षांत जाहिरातसंस्था, वास्तुरचनाकार, छायाचित्रकार यांच्या संकेतस्थळांवर एक विशिष्ट पद्धती रूढ झाली. मूळ कर्सर लपवावयाचा आणि त्याच्या जागी पृष्ठावरच काढलेले एक वर्तुळ माउसच्या मागोमाग फिरवावयाचे. वर्तुळ थोडे रेंगाळत येते, दुव्याजवळ फुगते, गडद भागावर जाताच त्याचा रंग उलटा होतो. पाहताक्षणी त्यात एक प्रकारची तलम गती जाणवते, आणि ती अनेकांना मोहविते. त्या मोहाचे विश्लेषण करणे आवश्यक आहे.

रेंगाळण्याचे गणित साधे आहे. पडदा सेकंदाला साठ वेळा नवी चौकट काढतो असे धरले, आणि प्रत्येक चौकटीला वर्तुळाने उरलेल्या अंतराचा एक दशांश भाग तोडावयाचा असे ठरविले, तर बावीस चौकटी उलटल्यावरही मूळ अंतराचा जवळजवळ दहावा हिस्सा शिल्लक राहतो. म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशाहून अधिक काळ वाचकाचा हात एका जागी पोहोचलेला असतो आणि त्याचा डोळा दुसऱ्या जागी पाहत असतो. टिचकी मात्र हाताच्या जागी पडते, कारण लपविलेला खरा कर्सर तेथेच असतो. मघाच्या खोट्या बाणाचाच हा सभ्य अवतार होय. भेद एवढाच की येथे हेतू वाईट नसतो.

नेहमीचा कर्सर असा रेंगाळत का नाही, याचेही कारण यंत्रणेत आहे. तो पृष्ठाचा भाग नसतो. संगणकाची कार्यप्रणाली तो पृष्ठाच्या वर, स्वतंत्रपणे काढते. पृष्ठ एखादे जड काम करीत असले, त्यावरील चित्रे हळू उतरत असली, तरी बाण हाताबरोबर हलतच राहतो. पृष्ठ अडले तरी वाचक अडलेला नाही, याची ती ग्वाही असते. पृष्ठाने काढलेले वर्तुळ मात्र पृष्ठाच्याच कामाच्या रांगेत उभे असते. पृष्ठ अडले की तेही अडते, आणि वाचकाला आपला हातच बधिर झाल्यासारखे वाटते.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी या दोहोंच्या प्रमाणावर अवलंबून असतो. आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या कार्ड, इंग्लिश व बर यांच्या अभ्यासाने माउसलाही हाच नियम लागू पडतो असे सिद्ध केले. या नियमाच्या मुळाशी एक गृहीत आहे : हात जात असताना डोळा त्याला सतत दुरुस्त करीत असतो. रेंगाळणारे वर्तुळ नेमकी ही दुरुस्ती बिघडविते. जेथे लक्ष्य लहान आहे, उदाहरणार्थ एखाद्या अर्जातील बारीक चौकोन, तेथे हा बिघाड सर्वाधिक जाचतो.

ज्यांची दृष्टी मंद आहे किंवा हात कापतो त्यांच्या बाबतीत तर हा केवळ रसभंगाचा प्रश्न राहत नाही. विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणालींत कर्सर मोठा करण्याची व त्याचा रंग बदलण्याची सोय आहे. मॅकवर २०१५ पासून माउस झपझप हलविला की हरवलेला बाण क्षणभर मोठा होऊन सापडतो. आपल्या डोळ्यांना मानवेल असा कर्सर ज्याने शोधून ठरविला आहे, त्याचा तो कर्सर एका ओळीच्या आज्ञेने लपविणे म्हणजे दारात आलेल्या वृद्धाच्या हातातील काठी काढून घेऊन त्याला नक्षीदार छडी देण्यासारखे आहे. छडी सुंदर असेल. परंतु ती भार सोसण्यासाठी घडविलेली नसते.

५

यावरून घडविलेला कर्सर सर्वत्र त्याज्य ठरतो काय? तसे नाही. चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये कुंचल्याच्या जाडीएवढे वर्तुळ कर्सर म्हणून दिसते. ते वर्तुळ अलंकार नाही. पुढील स्पर्शाने नेमका किती भाग रंगेल हे ते आधीच सांगते. नकाशावर उघडी मूठ दिसते आणि नकाशा धरून ओढू लागताच ती मिटते. हाताची कृती आणि आकृती येथे एकरूप होतात. २०१६ पासून फिग्मा या रचनासाधनात एकाच पृष्ठावर काम करणाऱ्या अनेकांचे कर्सर नावांसह आणि निरनिराळ्या रंगांत एकमेकांना दिसू लागले. तेथे रंग शोभेसाठी नाही, ओळखीसाठी आहे. तो काढून टाकला तर अर्थाची हानी होईल. अलंकार काढल्याने अर्थ उणावत असेल तर तो अलंकार उपरा नव्हे, हा जुना निकष येथेही उपयोगी पडतो.

या संदर्भात ॲपलने मार्च २०२० मध्ये आयपॅडसाठी आणलेला कर्सर विशेष विचारणीय आहे. तो बाण नाही, करड्या रंगाचे वर्तुळ आहे. ज्या पडद्यावर बोटाने स्पर्श करावयाची सवय, तेथे तो बोटाच्या टोकाची आठवण देतो. बटणाजवळ आला की तो स्वतः त्या बटणाचा आकार घेतो. वरवर पाहता जाहिरातसंस्थांच्या फुगणाऱ्या वर्तुळाशी त्याचे साम्य आहे, आणि अनुकरण करणाऱ्यांनी त्याचाच दाखला दिला तर नवल नाही. परंतु भेद मूलगामी आहे. हा कर्सर संपूर्ण प्रणालीत एकच भाषा बोलतो, त्याची गती प्रणाली सांभाळते, आणि बटणाचा आकार घेऊन तो वाचकाचे लक्ष्य पक्के करतो. एकट्या संकेतस्थळाचे वर्तुळ ही मात्र त्या एका घरापुरती बोली असते; शेजारच्या पृष्ठावर जाताच वाचकाला ती विसरावी लागते.

६

या विवेचनावर एक सबळ आक्षेप घेता येईल. सर्व संकेतस्थळे एकसारखी दिसू लागली आहेत, अशी तक्रार आहे. मग कर्सरसारख्या लहान गोष्टीत व्यक्तित्व उमटवू पाहणाऱ्याला औचित्याचा धाक का घालावा? या आक्षेपाला इतिहासातच उत्तर शोधणे बरे. १९९४ साली सुरू झालेल्या आणि २००९ साली जपानखेरीज अन्यत्र बंद झालेल्या जिओसिटीज या ठिकाणी असंख्य सामान्य लोकांनी आपली पहिली पृष्ठे उभारली. त्या काळच्या अशा हौशी पृष्ठांवर कर्सरच्या मागे चांदण्या सांडत, अक्षरांची माळ फिरे, घड्याळाचे आकडे बाणाभोवती घिरट्या घालीत. जाणकारांनी या प्रकाराची यथेच्छ टवाळी केली. तथापि आज त्याकडे तटस्थपणे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चांदण्या बाणाच्या मागे येत. बाण जागच्या जागी, प्रणालीने दिला तसाच राही. त्याचे टोक खरेच असे. ती उंबऱ्यापुढील रांगोळी होती. उंबरा कोणी हलविला नव्हता. किंबहुना विंडोज ३.१ मध्ये १९९२ सालीच मागे माग सोडणारा कर्सर होता, आणि तो हौसेसाठी नव्हे, तर त्या काळच्या लॅपटॉपच्या मंद पडद्यांवर बाण हरवू नये म्हणून होता.

म्हणजे ज्या हौशी सजावटीला अभिरुचिहीन ठरविले गेले, तिने वाचकाचा हात त्याचा त्यालाच ठेवला होता. आणि जी अभिजात म्हणून पारितोषिकांच्या अपेक्षेने मांडली जाते, तिने तो काढून घेतला आहे. अभिरुचीचा निवाडा आणि औचित्याचा निवाडा हे दोन भिन्न निवाडे आहेत, हे यातून स्पष्ट व्हावे. व्यक्तित्व उमटविण्याला विरोध नाही. ते आपल्या अंगणात उमटवावे, पाहुण्याच्या मनगटावर नव्हे, एवढेच म्हणणे आहे.

७

शेवटी अशा कृतींचा उल्लेख करणे प्राप्त आहे, ज्यांत कर्सर हाच विषय होतो. नेदरलँड्समधील स्टुडिओ मॉनिकरने २०१२ साली ‘पॉइंटर पॉइंटर’ ही कृती केली. वाचक कर्सर पृष्ठावर कोठेही स्थिर ठेवतो आणि क्षणभराने एक छायाचित्र उमटते. त्यातील एखाद्या व्यक्तीचे बोट नेमके त्या कर्सरकडे रोखलेले असते. पुढच्याच वर्षी त्याच संस्थेने ‘लाइट लाइट’ या वाद्यवृंदाच्या गीतासाठी ‘डू नॉट टच’ हे चित्र रचले. त्यात प्रेक्षकांना काही सूचना मिळतात, त्यांच्या कर्सरची हालचाल नोंदली जाते आणि ती पुढील प्रेक्षकांच्या चित्रात मिसळते. पडद्यावर बाणांचा थवाच दिसू लागतो.

या दोन्ही कृतींत कर्सरचे रूप फारसे बदललेले नाही, ही बाब अत्यंत अर्थपूर्ण आहे. पहिलीत सारे जग त्या बाणाकडे वळते. दुसरीत एकटा बाण समूहात सामील होतो. आपण पडद्यासमोर एकटे बसलो आहोत, आणि तरीही आपला एक अंश पडद्याच्या आत वावरतो आहे, ही जाणीव त्या जागवितात, आणि ती जागते ती बाण ओळखीचा असल्यामुळेच. त्याच्या जागी एखादे सजविलेले चित्र असते तर वाचकाने ते रचनाकाराचे मानले असते, आणि रोखलेले बोट आपल्याकडे आहे असे त्याला वाटले नसते.

एतावता घडविलेल्या कर्सरची परीक्षा तीन प्रश्नांनी करता येईल. तो वाचकाला त्याच्या पुढील कृतीविषयी काही सांगतो काय? तो दिसतो तेथेच लागतो काय? आणि वाचकाने आपल्या डोळ्यांसाठी व हातासाठी आधीच केलेली निवड तो मानतो काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असले तर कर्सर निरर्थक ठरेल, पण निरुपद्रवी राहू शकेल. दुसऱ्या अथवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असले तर मात्र त्याच्या सौंदर्याची चर्चा करण्याचे प्रयोजन उरत नाही. स्पर्शाच्या पडद्यांवर कर्सरच नाही आणि तेथे हा प्रश्न उद्भवत नाही, असेही कोणी म्हणेल. परंतु तेथे वाचकाचे स्वतःचे बोट असते, आणि ते बदलण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. माउस धरणाऱ्या वाचकाच्या बाणालाही तोच न्याय लावला पाहिजे.